पाश्चरचा चंबू आणि १३० शून्यं

“निर्जीवातून सजीव होत नाही हे पाश्चरनं १८६० च्या दशकातच सिद्ध केलं. १०० अमिनो आम्लांचं प्रथिन आपसूक जुळण्याची शक्यता १ वर १३० शून्यं एवढ्यांत एक. शिवाय आज डबक्यात नवा जीव का उपजत नाही?” असा मेसेज फिरतोय. त्यातला गुणाकार बरोबर आहे, बाकीच्याची गडबड आहे.

पाश्चरनं केलं काय? यीस्टचा अर्क आणि साखर घातलेलं पाणी चंबूत घेतलं, चंबूची मान आचेवर ओढून हंसाच्या मानेसारखी वाकवली आणि पाणी उकळलं. निवताना हवा आत गेली, धूळ मात्र वाकणातच चिकटली. द्रव महिनोन्‌महिने नितळ राहिला. मान मोडली, किंवा चंबू कलता करून द्रव वाकणापर्यंत नेऊन परत आणला, की काही दिवसांत गढूळ. यावरून एवढंच ठरतं की निर्जंतुक रसात तयार जंतू आपोआप उपजत नाहीत. ते उपजतात असं आज कोणीच म्हणत नाही. साध्या रेणूंपासून कोट्यवधी वर्षांत काय घडू शकतं, हा प्रश्न त्या चंबूत नव्हताच.

त्यातही पाश्चरला यीस्टचा रस लाभला म्हणायचा. जंतू आपोआप उपजतात असं मानणारा त्याचा विरोधक पुशे गवताचा काढा उकळायचा आणि त्यात जंतू दिसायचे. वाळल्या गवतावरच्या बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू (टणक कवचातली सुप्त रूपं) १०० अंशांना मरत नाहीत; म्हणून तर वस्तू निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्ह यंत्रात दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवतात.

आता शून्यं. प्रथिनांतली अमिनो आम्लं २० प्रकारची, म्हणून २० चा १०० वा घात काढला की ती येतात, पण त्यात एकच ठरलेली साखळी, तीही एका फटक्यात हवी असं गृहीत आहे. २००१ मध्ये कीफ आणि शोस्टाक या संशोधकांनी ८० यादृच्छिक अमिनो आम्लांचा पट्टा असलेली सुमारे ६ लाख कोटी प्रथिनं चाळली. एटीपीला (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूला) धरून ठेवणारी साधारण १० हजार कोटींत एक निघाली. म्हणजे ११ शून्यं. एटीपी धरणं म्हणजे जगणं नव्हे, हे मान्य. पण कामाचं प्रथिन अशक्य, हा दावा तिथेच कोसळतो.

राहिलं डबकं. तिथे सेंद्रिय रेणू साठायला लागले की जिवाणू ते फस्त करतात, उरलेल्यांची ऑक्सिजन वाट लावतो. पहिल्या जीवाआधी खाणारं कोणी नव्हतं, आणि हवेत मोकळा ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, जीवाणू रुळून बराच काळ लोटल्यावर.