घरातली चिडचिड टिकवायची असेल तर

प्रत्येक प्रतिष्ठित घरात एक तरी चिडकं माणूस लागतंच. त्याशिवाय मुलं अभ्यासाला बसत नाहीत आणि नातेवाइकांशी फोनवर बोलायला विषय मिळत नाही. पण हल्ली लक्षणं काही ठीक दिसत नाहीत. माणसं उठसूट रक्त तपासून घेतात, वेळेवर झोपतात आणि तीन-चार महिन्यांत चक्क हसूनखेळून वागायला लागतात. तुमच्या घरावर असा प्रसंग येऊ नये, म्हणून हे चार शब्द.

सगळ्यात आधी एक सिद्धान्त पाठ करा. चिडचिड हा स्वभाव असतो. तो माहेरून येतो, पत्रिकेतून येतो, फार तर ऑफिसातून येतो. ताटातून येत नाही. वजनानं जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू बसल्या जागी शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा एकटा संपवतो, असं कुणी सांगू लागलं तर मान डोलवा आणि विषय बदला. मेंदू विचार करतो, जेवत नाही.

आता कामाला लागू. सुरुवात घरच्या बाईपासून करावी, कारण तिथे निम्मं काम आधीच झालेलं असतं. तिनं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, त्यामुळे तो मोडताही येत नाही. तुम्ही मात्र रोज न चुकता 'अगं, तूही बस ना आमच्याबरोबर' असं म्हणा, आणि म्हणता म्हणता गरम पोळी मागा. सगळ्यांचं उरकेपर्यंत पालेभाजीच्या पातेल्यात लसणाच्या दोन पाकळ्या आणि हिरवट पाणी उरतं, उसळीतली मटकी संपून रस्सा राहतो, आणि सकाळची पोळी 'टाकून कशाला द्यायची' म्हणून तिच्याच वाट्याला येते. हे सगळं ती ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, एक डोळा दुधाच्या पातेल्यावर ठेवून खाते. तिच्या हाताला चव आहे हे सांगायला विसरू नका.

मग चहा. जेवण झाल्या झाल्या, तोंडातली चव जायच्या आत, चांगला उकळलेला. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं धान्यांतलं, कडधान्यांतलं आणि पालेभाज्यांतलं लोह आतड्यातच धरून ठेवतात. जेवणाबरोबरच्या एका कपानं त्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. तासाभरानं घेतलेला चहा इतका कामसू नसतो, म्हणून उशीर नको. पानात डावीकडे मिठाशेजारी वाढलेल्या लिंबाच्या फोडीपासून मात्र जपून राहा. तिच्यातलं क जीवनसत्त्व याच लोहाला हाताला धरून रक्तात घेऊन जातं. ती शोभेची आहे असं समजा आणि न पिळता खरकट्यात जाऊ द्या. लोखंडी कढई भंगारात काढा. तिच्यात शिजलेल्या आंबट भाजीत थोडं लोह उतरतं, शिवाय भाजी काळपट दिसते आणि फोटो चांगला येत नाही.

एवढं नेटानं केलं की फळ दिसू लागतं. लोह फक्त रक्त लाल करायला लागतं अशी आपली समजूत असते. पण मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन ही मूड सांभाळणारी रसायनं तयार करणारी जी एन्झाइम्स आहेत, त्यांचंही लोहावाचून अडतं. त्यामुळे हिमोग्लोबिन 12 च्या खाली यायचीही वाट बघावी लागत नाही. साठा आटू लागला की माणूस आधीच विझायला लागतं. जिन्यात धाप लागते. रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत. डब्याचं झाकण सापडलं नाही एवढ्यावरून डोळ्यांत पाणी येतं. काही जणी लपून कच्चे तांदूळ चघळतात, मुलांच्या दप्तरातली पाटीवरची पेन्सिल कुरतडतात. हे लोहाच्या कमतरतेचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे, पण आपण त्याला 'घाणेरडी खोड' म्हणायचं आणि चारचौघांत हसायचं. 'मला फार थकवा येतो' असं ती म्हणालीच, तर 'दिवसभर घरातच तर असतेस' हे वाक्य तयार ठेवा. नोकरी करणारी असेल तर 'मग सोड नोकरी'. दोन्ही वाक्यांत लोह शून्य मिलिग्रॅम.

एकटं वाटून घेऊ नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हाच आकडा 25 टक्के. स्वभाव माहेरून येतो हे खरं मानलं, तर देशातली निम्म्याहून जास्त माहेरं बिघडलेली आहेत असा निष्कर्ष निघतो. काढा बिनधास्त.

या कामात खोडा घालणारे लोक पूर्वीही होते. ल्यूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा रक्तक्षय का होतो, हे शोधायचं होतं. तिनं त्यांचा स्वभाव नाही तपासला, ताट तपासलं! गरीब घरांत भाजी-फळं जवळजवळ नव्हतीच. मग यीस्टपासून केलेलं मार्माइट नावाचं स्वस्त, खारट चाटण दिल्यावर या बायका सुधारू लागल्या, आणि 1931 साली तिनं ते छापूनही टाकलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व, हे पुढे कळलं. 1941 साली ते पालकातून वेगळं काढलं आणि त्याचं नाव पानाच्या लॅटिन शब्दावरूनच पडलं. एवढ्या खटाटोपापेक्षा 'पोरी हल्लीच्या नाजूकच' म्हणून मोकळं होणं किती स्वस्तात पडलं असतं.

पुरुषांनी स्वतःला वगळलेलं समजू नये. तुमच्यासाठी बी-12 आहे. हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत, जिवाणू बनवतात. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधादह्यातून मिळतं, म्हणून आधी दूध 'पचत नाही' म्हणून सोडा. नंतर सकाळी उठल्याबरोबर अ‍ॅसिडिटीची गोळी, डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहिलेली, वर्षानुवर्षं चालू ठेवा. अन्नातून बी-12 सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. तेच दाबून टाकलं की निम्मी मोहीम फत्ते. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननंही ते कमी होतं. ती गोळी बंद करायची नाही, फक्त बी-12 तपासायचं नाही, एवढंच पथ्य. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून धीर धरावा लागतो. मग पायाला मुंग्या येतात, नावं आठवत नाहीत, उगाच उदास वाटतं. बासष्टाव्या वर्षी सासरेबुवा चष्मा फ्रीजमध्ये ठेवून घरभर शोधू लागले की 'वय झालं' म्हणा. वय तपासायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही.

'मी कुठे जाड आहे?' हेही उपयोगी वाक्य आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकरांत 21.2. सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या आत काय साठलंय ते काट्यावर कळत नाही. तेव्हा फक्त काट्यावरच विश्वास ठेवा.

आणि काटा हललाच तर एकदम उपाशी राहायला लागा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर केळ्याचे वेफर्स असा उपास नव्हे. तो दुप्पट खाशी प्रकार तुम्हाला येतोच. इथे खरी उपासमार हवी. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे रोज साधारण 1,570 कॅलरींवर ठेवलं. वजन तर उतरलंच, पण ही चांगली शिकलीसवरलेली मुलं ताटं चाटायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवून रात्र रात्र वाचायला लागली, एकमेकांवर खेकसायला लागली, आणि काही जण खोल नैराश्यात गेले. शरीरानं आपला खर्च कमी केला, थंडी वाजू लागली. कुणाचाही स्वभाव मुळात वाईट नव्हता. निवडच निरोगी मनाच्या मुलांची केली होती. लग्नाआधी दीड महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्या नवरीला हे सांगू नका. मेंदीच्या दिवशी ती मावशीवर ओरडली की 'टेन्शन आलंय' म्हणायचं.

उलट्या बाजूचाही एक सुंदर मार्ग आहे. घरात कुणी खरंच आजारी असेल, आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठत नसेल, जगण्यात राम नाही म्हणत असेल, तर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेऊ नका. त्याला केळं द्या, भिजवलेले बदाम द्या. शरीरातलं 90 टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं, असं सांगणारं रील पाठवा. ते सेरोटोनिन आतड्यातून मेंदूत जाऊ शकत नाही, हे रीलमध्ये नसतंच. थायरॉइड मंदावला तरी माणूस अगदी असंच सुस्त, उदास दिसतं आणि ते एका साध्या तपासणीत कळतं, तीही नको. जेवण सुधारून सगळं बरं होतं असं मानणारा आणि जेवणाचा मनाशी संबंधच नाही असं मानणारा, दोघंही आपल्याच पक्षाचे.

इतकं करूनही एखादी सून हट्टानं तपासणी करून आली आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्याच, तर खचू नका. गोळी चहाबरोबर घ्यायला लावा. चौथ्या दिवशी शौचाला काळं होईल. ते या गोळ्यांनी होतंच, पण त्याला 'उष्णता' म्हणा. बद्धकोष्ठ झालं की दुसरी गोळी मिळते का, असं डॉक्टरांना विचारायला फोन करू नका, सरळ पाकीट बंद करा. तिनं तरीही नेटानं घेतल्या आणि दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन 12 च्या वर गेलं, तर पेढे आणा आणि त्याच दिवशी गोळ्या थांबवा. आटलेला साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या लागतात. तेवढे तीन महिने वाचवलेत की पुढच्या दिवाळीच्या फराळापर्यंत तुमचं घर पुन्हा पहिल्यासारखं होईल.