सहा महिने निवांत? बोअरच्या पाण्याला विचारा

‘फवारा, पुसा आणि सहा महिने निवांत राहा’ हे गाडीच्या स्प्रे सीलंटवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. स्प्रे सीलंट, म्हणजे गाडीच्या रंगावर फवारायचा संरक्षक थर, टिकतं ते रंगाला नीट चिकटलं तरच. पहिल्यांदा मी नुसती गाडी धुतली आणि लगेच मारलं. तीन आठवड्यांत बॉनेटवर पाण्याचे थेंब बनायचे थांबले (थेंब बनणं हीच सीलंट शाबूत असल्याची खूण) आणि मी बाटलीला शिव्या घातल्या. पुढच्या वेळी शाम्पूनंतर क्ले बार, म्हणजे मऊ मातीसारखी वडी, फिरवला (धुतलेल्या पत्र्यावरही हाताला जी खरखर लागते ना, ती त्याने जाते), मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून जुन्या वॅक्सचा तेलकटपणा काढला. गाडी सावलीत, पत्रा थंड, एका वेळी एकाच भागावर सीलंट मारलं, आणि लगेच दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरने पुसून घेतलं. भरपूर मारलं की भरपूर टिकतं असं काही नसतं, उरलेल्याचे ओघळ दिसतात फक्त. रात्रभर पाणी लागू दिलं नाही. तीच बाटली, तीच गाडी, अख्खा पावसाळा निघाला!

आणि बोअरच्या पाण्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. आमच्या सोसायटीत गाड्या त्याच पाण्याने धुतात आणि उन्हात तशाच वाळू देतात. क्षारांचा थर बसला की खाली सीलंट शाबूत असूनही थेंब बनत नाहीत, आणि लोक नवी बाटली आणायला पळतात. त्यात रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकणं! त्या घासण्यापुढे कुठलंही सीलंट किती दिवस तग धरणार?