नऊ सहाशे

परवा पोराला १८ महिन्यांचा डीपीटीचा बूस्टर द्यायला एकटाच घेऊन गेलो, आणि त्या वेटिंगमधल्या काकू अजून डोक्यातून जात नाहीयेत.

नर्सने वजन केलं आणि मंडईत वांगी तोलावीत तशी आरोळी ठोकली, "नऊ सहाशेऽऽ!" शेजारच्या काकू (कुणाबरोबर आल्या होत्या ते शेवटपर्यंत कळलं नाही) लगेच वळल्या.

"आई नाही आली?"

"ऑफिसला गेलीय."

"तरीच."

आता या तरीचचं काय करायचं सांगा? वरणभात मीच भरवतो, अर्धा भिंतीला जातो, पुसतोही मीच.

"आमचा नातू या वयात १४ किलो होता."

म्हटलं, चार्टमध्ये बसतंय वजन. "चार्ट काय पोटाला घालणार त्याला?" अहो, वजन करतात ते तापाचं औषध किती द्यायचं ते त्यावर ठरतं म्हणून, तुमच्या नातवाशी मॅच लावायला नाही. हे अर्थात मनात.

"बोलतो का?" हो म्हणतो. कशालाही हो म्हणतो, तेवढंच येतं सध्या.

"वॉकर घ्या, पाय भरतील." म्हटलं, पायऱ्यांवरून पडतात पोरं त्यातून, कॅनडात २००४ पासून विकायलाही बंदी आहे.

"तुम्ही कॅनडात असता?"

"नाही, धायरीत."

"मग?"

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

इथवरही ठीक होतं हो, पण मी फाईल शोधतोय तोवर बाईंनी पर्समधून पुडी काढून त्याच्या मुठीत खारे दाणे दिले. अख्खे! दाढा धड आलेल्या नाहीत, एक दाणा श्वासनलिकेत गेला की संपलं, कूट द्या, लाडू द्या, पण परक्याच्या पोराला न विचारता काही द्यायचंच कशाला? तेव्हा मात्र माझी खरंच सटकली. एकेक बोट सोडवून चार दाणे काढले, तर पोरगं फरशीवर आडवं, पाय झाडतंय, किंचाळतंय, आणि अख्खं वेटिंग कुणाकडे बघतंय? माझ्याकडे.

आत इंजेक्शनला चूं नाही केलं, सगळं रडणं बाहेरच संपलं होतं. निघताना काकूंनी त्याचा गाल ओढला.

"बाबा मारतात का रे सोन्या?"

"हो."