महालक्ष्म्यांमागचा मोर

छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळ्या पाहून आल्यापासून, दगडाला जे जमले ते प्लायवुडला का जमू नये, हा विचार माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. भाद्रपद तोंडावर आला तसे मी परभणीच्या आमच्या घरात जाहीर केले की, यंदा महालक्ष्म्यांमागची आरास विकत आणायची नाही. तीन फुटी चौरस फळीत पैठणीच्या पदरावरचा मोर मी स्वतः कोरणार. पत्नी ‘बरं’ एवढेच म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारानंतर या एका शब्दाचा अर्थ कळायला कोश लागत नाही.

कोपिंग सॉ नावाची नक्षी कापायची करवत आणली. धनुष्यासारखी लोखंडी चौकट आणि तिच्या दोन टोकांत ताणलेले, साडेसहा इंच लांब व जेमतेम तीन मिलिमीटर रुंद पाते. पहिले पाते पाचव्या मिनिटाला तुटले. तिसरे तुटल्याचा आवाज ऐकून शेजारचे सुतार मिस्त्री डोकावले.

‘काय करायलात सर? पातं उलटं लावलंत की ओ!’

या करवतीचे दात मुठीकडे वळलेले असावे लागतात, म्हणजे ती ओढताना कापते. मी मात्र मोठ्या करवतीच्या सवयीने ढकलत होतो, आणि ढकलल्यावर ते बिचारे पाते वाकण्याखेरीज दुसरे काय करणार?

पाते सुलटे झाले. पिसाऱ्यात मी उत्साहाच्या भरात चौदा डोळे रेखाटले होते. प्रत्येक डोळ्यासाठी ड्रिलने भोक पाडायचे, पाते एका टोकाने सोडवून त्यातून ओवायचे, पुन्हा ताणायचे, वळणावर पुढे न रेटता जागच्या जागी खालीवर करत हळूहळू फिरवायचे, आणि अंगठ्याएवढा तुकडा पडला की सगळे पुन्हा सोडवायचे. काठाजवळचे सात डोळे कोरायला चार संध्याकाळी गेल्या. आठव्याला पाते ओवले, तर चौकट फळीच्या काठाला अडली आणि काही केल्या पुढे सरकेना.

मिस्त्रींनी बोटांनी माप घेतले. ‘करवत पाच इंच आत जाती, सर. तुमचे राहिलेले डोळे दीड फूट आत बसलेत.’

फ्रेट सॉ नावाच्या तसल्याच दुसऱ्या करवतीची कमान याहून खोल असते, हे ज्ञान मला त्याच वेळी लाभले. मिस्त्रींनी अधिक चर्चा न करता मोठी करवत आणली आणि फळी मधोमध उभी चिरली. मधला भाग काठावर आला, डोळे पूर्ण झाले, आणि मोराची एक बाजू ज्येष्ठेमागे, दुसरी कनिष्ठेमागे उभी राहिली.

हळदीकुंकवाला आलेल्या काकूंनी बराच वेळ निरखून विचारले, ‘वहिनी, धाकटीच्या मोराला तोंड का नाही हो?’

‘थोरलीकडं आहे ते,’ पत्नी म्हणाली आणि कुंकवाचा करंडा पुढे केला.