साखळी लवचिक आहे, असा अहवाल कसा बनवावा

गेल्या तिमाहीत आमच्या पुरवठा साखळीला ‘अत्यंत लवचिक’, म्हणजे धक्का बसला तरी सावरणारी, असा हिरवा शेरा मिळाला. या आठवड्यात एका रबरी सीलपायी उत्पादनाची लाइन बंद पडली. असा शेरा तुम्हालाही हवा असेल, तर पुढच्या सूचना पाळा.

सज्जता मोजायची तर व्हेंडरलाच, म्हणजे पुरवठादारालाच, विचारा: ‘स्वतःला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?’ तो पाच देईल. चुकून चार दिले, तर प्रामाणिकपणाचा एक वाढवून द्या.

सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवलेला जादा साठा, वर्षअखेरीस शून्यावर आणा. ताळेबंद देखणा होतो.

व्हेंडर ‘आठवडाभरात माल देतो’ म्हणाला की विषय संपला. २००० साली अमेरिकेतल्या अल्बुकर्कीच्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात लहानशी आग लागली. तिथून चिपा घेणारी मोबाइल कंपनी एरिक्सन असाच भरवसा ठेवून बसली. तिथलीच दुसरी गिऱ्हाईक नोकियाने मात्र रोज चौकशी करून इतरत्र चिपांची सोय केली. किती तो संशयी स्वभाव!

जोखीम नेहमी किमतीवरून ठरवा. महाग ते लाल, स्वस्त ते हिरवं. आमचा सील अर्थातच हिरवा होता. त्याला दोन व्हेंडर होते, म्हणून आणखी गडद हिरवा. दोघेही रबर एकाच ठिकाणाहून घेतात, हे विचारायला फॉर्ममध्ये रकानाच नाही. २०११ च्या भूकंपानंतर जगानेही हेच पाहिलं. गाड्यांच्या रंगाला चमक देणारं एक रंगद्रव्य तेव्हा जपानमधल्या ओनाहामाच्या एकाच कारखान्यात बनायचं. तो बंद पडला आणि फोर्डला काही काळ्या-लाल छटांच्या ऑर्डरी थांबवाव्या लागल्या. रंग विकणाऱ्या कंपन्या अनेक होत्या, पण सगळ्यांचं रंगद्रव्य एकाच दारातून येत होतं! पुढे अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड सिमची-लेव्ही यांनी फोर्डच्याच साखळीचं गणित मांडलं, तर सर्वांत मोठा धोका निघाला स्वस्त सुट्या भागांत. आणि त्यासाठी काय लागलं? मुख्यतः दोन आकडे. कारखाना बंद पडला तर पुन्हा उभा राहायला किती आठवडे लागतील, आणि तोवर हातातला माल किती आठवडे पुरेल. पुरणारे आठवडे कमी पडले की उरलेले दिवस लाइन बंद. साधी वजाबाकी आहे हो! त्याऐवजी तुम्ही चाळीस रकान्यांचा फॉर्म काढता, प्रत्येक रकान्याला महत्त्वानुसार भारांक लावता, सरासरी काढता आणि सरासरीत तो एक सील बुडवून टाकता. साखळी सरासरीवर चालते का?

डॅशबोर्ड रंगवायला तुमच्याकडे माणसं आहेत. व्हेंडरच्या व्हेंडरला फोन करायला नाहीत. गोदामात उतरून पेट्या मोजायला तर कुणीच नाही. वर दुसरा पुरवठादार मंजूर करायचा म्हटलं की चाचणीचा खर्च कुणाच्या खात्यात टाकायचा, यावर महिनोन्‌महिने घालवता. निदान लाइन थांबल्यावर पर्चेसवाल्याला रात्री उठवून ‘हे आधी कसं कळलं नाही’ असं तरी विचारू नका. कळवलं होतं. मेल उघडून बघा.