दोरी लांब करून धनुष्य हलकं होतं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : धनुष्य हलकं करायला लाकूड खरवडावं, असं मी लिहिलं ते उगाच पुराण; धनुष्य जड झालं (म्हणजे ओढायला जास्त जोर लागू लागला) तर दोरी लांब करावी, हलकं झालं तर टोकं कापावीत, अर्ध्या तासाचं काम. वर, इंग्रजांची धनुष्यं दीडशे पौंडांची असताना चाळीस पौंडांवर का अडायचं? (इथे पौंड, वजन म्हणजे ओढायला लागणारा जोर.)

आधी दोरी. ती लांब केली की पकडीजवळ येते आणि तेवढ्याच ओढीला (दोरी तेवढीच मागे खेचली तर) बाहू, म्हणजे पकडीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग, जरा कमी वाकतात. जोर मोजायच्या काट्यावर पौंड-दोन पौंड उतरतात, हे खरं. पण बाण सुटताना मनगटावर फटका बसतो, आणि पन्नासाचे चाळीस काही होत नाहीत. (सातपुड्यातल्या भिल्लांच्या कामठ्याला तर दोरीही बांबूच्या कामटीची असते. तिथे ती लांब-आखूड करत बसणं अवघडच.)

टोकं कापली की वजन वाढतं, मान्य. मात्र ओढ 28 इंचच राहिली तर आखूड लाकडाला जास्त वाकावं लागतं. पाठीला (लक्ष्याकडच्या बाजूला) काही न चिकटवलेलं धनुष्य मी 64 इंचांखाली नेत नाही. त्याखाली लाकूड कायमचा बाक धरतं किंवा मोडतं. शिवाय दोरीच्या खाचा नव्याने पाडून दोन्ही बाहू पुन्हा जुळवावे लागतात. अर्धा तास कुठला!

आता खरवडणं. बाहूचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. 10 मिमी जाडीचा बाहू 9 मिमी केला की ताठपणा 27 टक्क्यांनी उतरतो. तोच 1 मिमी 40 मिमी रुंदीतून काढला तर जेमतेम अडीच टक्के. म्हणून बरंच वजन उतरवायचं तर पोटाकडून (आपल्याकडच्या बाजूने), तेही काचेच्या तुकड्याने पातळ सालपटं काढत. शेवटचे दोन-तीन पौंड कडांवरून. पाठीला हात लावायचा नाही. तिथले तंतू तुटले की चिरफळी उठते.

आणि जे वजन हवंय त्यापुढे धनुष्य कधीही ओढायचं नाही. चाळीस हवेत आणि काटा 20 इंचांवरच चाळीस दाखवतोय? तिथेच थांबा, खरवडा, वीस-तीस वेळा हलकं ओढून लाकडाला सवय होऊ द्या, मग पुढचा इंच. काटा अजून चार-पाच पौंड जास्त दाखवत असताना मी हत्यार खाली ठेवतो. पॉलिशपेपर आणि पहिले काही बाण तेवढं खातातच.

राहिले इंग्रज. 1545 साली बुडालेलं ‘मेरी रोझ’ जहाज 1982 मध्ये वर काढलं. त्यातल्या यू लाकडाच्या धनुष्यांचा अंदाज साधारण 100 ते 185 पौंडांचा आहे. पण ओढणारे लहानपणापासून तेच करत होते. आपण रविवारी मैदानावर जाणारी माणसं.

तुमच्या धनुष्याची लांबी, लाकूड आणि 28 इंचांवरचा काटा कळवा. टोकं कापली नसतील तर अजून थांबा.