सलग पाठवा हो!

इंदूरच्या क्लॉथ मार्केटमध्ये कापड मागायला दोन वाक्यं पुरतात. एक, "सुती दाखवा." दुसरं, "हे नको, त्याच्या खालचं." पुढचं सगळं हातांनी होतं. थान (कापडाचा अखंड गठ्ठा) भिरकावून उलगडलं की पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, दिसतो, पोत चिमटीत येतो, सुताचा एक तुकडा तोडून बघितला तरी कोणी काही म्हणत नाही. पण तिथले बरेचसे घाऊकवाले. त्यांना थान विकायचं असतं आणि गोधडीवालीला हवे असतात आठ छापांचे आठ तुकडे, प्रत्येकी अर्धा मीटर. एवढ्यासाठी थानाला कात्री लावा म्हटलं की गादीवरचा माणूस आधी आपल्याकडे बघतो आणि मग पंख्याकडे.

म्हणून आम्ही ऑनलाइन जातो. तिथे अर्धा मीटरही हसतमुखाने मिळतो. फक्त पन्ह्याच्या जागी "फ्री साइझ" लिहिलेलं असतं, पोताच्या जागी "प्रीमियम", आणि गादीवरच्या माणसाच्या जागी कस्टमर केअर. हे लोक सभ्य असतात, मॅडमशिवाय बोलत नाहीत. पण कुर्ती, चप्पल, मिक्सर आणि कापड या चारही गोष्टींना त्यांच्याकडे एकच उत्तरपत्रिका असते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. यात शेळ्या आपण.

ऑनलाइन कापडाचं मुख्य संकट रंगाचं आहे असं नवशिक्यांना वाटतं. माझ्या मते ते हिशोबाचं आहे. बऱ्याच ठिकाणी कापड अर्ध्या मीटरच्या दराने लावलेलं असतं आणि खाली अधिक-उण्याची खूण. पाच मीटर हवं म्हणून आपण दहा करतो. आता त्या दहाचा अर्थ सलग पाच मीटर, की अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या दहा घड्या, हे गोदामात ज्याच्या हाती कात्री आहे त्याच्या मर्जीवर. पार्सलातून दहा घड्या निघाल्या आणि फोन लावला, की पलीकडून अत्यंत गोड आवाजात उत्तर येतं, "मॅडम, टोटल तो पाँच मीटर ही है ना?"

आहे ना. बेरजेबद्दल तक्रारच नाही.

पण गोधडी बेरजेवर शिवत नाहीत. एकेरी गोधडी साधारण 60 बाय 90 इंच. चौकोन 5 इंचाचे कापले, तर चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जाऊन साडेचार इंच दिसतात. 14 आडवे, 20 उभे, म्हणजे 280 चौकोन, आणि माप येतं 63 बाय 90. पन्हा 44 इंच असला तरी किनारीजवळचा अर्धा-अर्धा इंच धरायचा नसतो, कारण तिथे गिरणीतल्या टाचण्यांची भोकं असतात. थोडं धुण्यात आटतं. हातात उरतात 42 इंच, त्यात आडवे 8 चौकोन बसतात. आता 5 मीटर सलग असेल तर जवळजवळ 197 इंच लांबी, 39 ओळी, 312 चौकोन. ऐसपैस. मीटर-मीटरचे पाच तुकडे आले तर प्रत्येकातून 7 ओळी, एकूण बरोबर 280. एक चौकोन तिरका कापला की संपलं. आणि अर्ध्या मीटरच्या दहा घड्या? अर्धा मीटर म्हणजे 19.7 इंच. चार ओळींना 20 लागतात. म्हणून निघतात तीनच, वर पावणेपाच इंचांची पट्टी हातात लोंबत राहते. एकूण 240. तीन दशांश इंचाच्या पायी 40 चौकोन कमी पडले, आणि तरी टोटल पाँच मीटर ही है.

अस्तराचं तर विचारूच नका. धावदोरा घालताना कापड आत ओढलं जातं, म्हणून खालचं कापड सगळीकडून तीन-चार इंच मोठं लागतं: अडीच-अडीच मीटरचे दोन सलग लांबवे, मधोमध एक जोड. आटण्याची भीती असेल तर साडेपाच मीटर घ्यावं. दहा घड्यांचं अस्तर करायचं म्हटलं तर आधी अस्तराचीच गोधडी होते.

यावर उपाय ऑर्डर देण्यापूर्वी असतो, नंतर नसतो. चॅटवर लेखी विचारायचं (फोनवर अजिबात नाही, फोनवरचं वचन त्यांच्याकडे "ट्रेनिंगसाठी रेकॉर्ड" होतं, आपल्याकडे होत नाही): "10 नग मागवले तर सलग 5 मीटरचा एकच तुकडा येईल का?" उत्तर "येस मॅडम" आलं तर समाधान मानू नये. "हॅव अ नाइस डे" लाही ते येस म्हणतात. "एकच तुकडा, 5 मीटर" एवढे शब्द त्यांच्याकडून लिहून येईपर्यंत विचारत राहायचं आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. ऑर्डरमध्ये सूचनेची चौकट असेल तर तिथेही तेच. सोबत पन्हा इंचात, आणि सूत शंभर टक्के की मिश्र, हेही विचारून घ्यावं. कापडाचा एक फोटो खिडकीपाशी, दिवसाउजेडी, शेजारी कोरा पांढरा कागद आणि मोजपट्टी ठेवून मागावा. पांढऱ्या कागदाने रंगाचा खोटेपणा पकडता येतो आणि मोजपट्टीने छापाचा. वेबसाइटवर टपोरं दिसणारं कमळ प्रत्यक्षात शेंगदाण्याएवढं असू शकतं. उलटही होतं: नाजूक बुट्टी म्हणून मागवलेला हत्ती 8 इंचांचा निघतो आणि 5 इंचाच्या चौकोनात त्याचा फक्त गुडघा येतो. हत्ती, मोर, झाडं अशी एका दिशेने उभी असलेली छपाई असेल तर एक तुकडा जास्तच घ्यावा. नाहीतर निम्मी जनावरं शीर्षासनात. आणि जे लागेल ते एकदाच मागवावं. हातछपाईत लॉट बदलला की लाल बदलतो. हातछपाईचं बाग गाव आमच्या शेजारच्या धार जिल्ह्यातलं. तिथल्या ठशांचा लाल तुरटी आणि अलिझरीन या रंगद्रव्याचा, काळा लोखंडाचा. असा रंग भांड्यागणिक थोडा इकडे-तिकडे व्हायचाच. तो दोष नाही, पण चौदा ओळींतल्या दोनच ओळी विटकरी दिसल्या की पाहुणे बरोब्बर तिथेच बोट ठेवतात.

बरं, कापड आलं. आता ते परत जाण्यालायक आहे का, हे कळायला ते धुवायला हवं. आणि परतीचा नियम असा की धुतलेलं कापड परत घेत नाहीत. न धुता दोष कळत नाही, धुतल्यावर दोष आपला. बरं, तुकडा कापून तेवढाच धुवावा, तर "कट फॅब्रिक" परत घेत नाहीत. कापड मुळात कापूनच आलेलं असतं, हे त्यांना पटवायला जाऊ नका.

कापडाला अंगावर डाग न लागू देता तीन परीक्षा घेता येतात. रंगासाठी: पांढरा सुती रुमाल ओला करून घट्ट पिळायचा, कापडाच्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दहा सेकंद दाबायची. रुमाल गुलाबी झाला तर गोधडीतले पांढरे चौकोनही होणार. आटण्यासाठी: उभ्या धाग्याच्या दिशेने बरोबर 20 सेंटीमीटरवर दोन टाचण्या टोचायच्या, तेवढ्या जागेवर ओल्या फडक्यातून वाफ द्यायची, गार होऊ द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. 19 भरलं तर पाच टक्के गेलं. धुतल्यावर आणखीही जाईल, पण अंदाज येतो. सुतासाठी: काठाचा एक धागा उभा आणि एक आडवा ओढून, चिमट्यात धरून जाळायचा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते; पॉलिएस्टर वितळून काळा, कडक मणी होतो. दोन्ही दिशांचे धागे यासाठी, की उभ्यात सूत आणि आडव्यात पॉलिएस्टर घालणारे महाभाग आहेत. हे मोरीत करावं, पडद्यापाशी नाही.

जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आज्यांना यातलं काही करावं लागलं नाही. दहा-पंधरा वर्षं नेसलेलं नऊवारी जेवढं आटायचं तेवढं आटलेलं आणि जेवढा रंग जायचा तेवढा गेलेला, शिवाय नऊ वार सलग. तक्रार निवारणाची यंत्रणाही तेव्हा चोख होती, कारण ती त्याच होत्या. आम्हाला मात्र नवं कापड आधी मिठाच्या भ्रमात (मिठाने रंग पक्का होत नाही, कितीही पिढ्या सांगोत) न पडता साध्या पाण्यात, रंगवार वेगवेगळं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावं लागतं. इंदुरात नळाला नर्मदेचं पाणी कित्येक भागांत दिवसाआड येतं, त्यामुळे हा बेत नळाची वेळ पाहून आखायचा असतो.

परीक्षेत कापड नापास झालं की परतीच्या यादीत जायचं. तिथे कारणं दिलेली असतात: साइझ लहान, साइझ मोठा, फिटिंग बरोबर नाही, विचार बदलला. 44 ऐवजी 36 पन्हा आला म्हणून प्रामाणिकपणे "साइझ लहान" निवडलं तर मोठा साइझ पाठवण्याचा प्रस्ताव येतो. "विचार बदलला" तर चुकूनही दाबू नये. परतीचं भाडं आपल्या माथी येतं. "वर्णनाप्रमाणे नाही" हीच ओळ शोधायची, यादीच्या तळाशी असते. पुरावा म्हणून पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरू होऊन मध्ये न तुटणारा. आणि किनारीपासून किनारीपर्यंत मोजपट्टी लावलेला फोटो, आकडा वाचता येईल असा. कापड किती कमी आहे ते शब्दांत सांगू नये, शब्दांना त्यांच्याकडे सहानुभूती मिळते. आकड्यांना कधीकधी पैसे मिळतात.

परत न्यायला येणारा मुलगा फोनमधलं चित्र आणि हातातलं कापड ताडून बघतो आणि विचारतो, "टॅग कुठे आहे?" कापडाला टॅग नसतो. मग तो "क्वालिटी चेक फेल" करून निघून जातो आणि तक्रारीचं भिजत घोंगडं पडतं. अशा वेळी त्याच्याशी भांडू नये, त्याच्या पर्यायांतही तेवढंच असतं. पार्सलची मूळ पिशवी आणि बिल पुढे करावं. तेवढ्यावर कित्येकदा निभावतं.

नाहीच निभावलं तर कायद्याचा आकडा काढायचा. 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. जाहिरातीत सांगितल्यासारखा माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, मग साइटवर "नो रिटर्न" कितीही मोठ्या अक्षरांत असो. वेबसाइटच्या तळाला त्या अधिकाऱ्याचा पत्ता असतो, मुंगीएवढ्या टायपात. तिथून हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. 900 रुपयांच्या सुती कापडासाठी कोणी आयोगात जात नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण मेलमध्ये नियमाचं साल घातलं की "आम्हाला खेद आहे" या वाक्यानंतर प्रथमच दुसरं वाक्य येतं. ते बहुधा "वॉलेटमध्ये जमा करू" असं असतं. ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात, असं म्हणून ठाम राहावं. वॉलेटमधल्या पैशांचं पुन्हा त्यांचंच कापड येतं, दहा घड्यांत.

आणि ज्यांना थंडीच्या आत गोधडी हवी आहे, महिनाभर पोच-निवारण खेळायचं नाही, त्यांनी त्या दहा घड्या धुवून, इस्त्री करून चौकोन 5 ऐवजी साडेचार इंचाचे कापावेत. 42 इंचांत 9 बसतात, अर्ध्या मीटरमध्ये चार ओळी आरामात, एका घडीतून 36, दहांतून 360. शिवून 4 इंच दिसतो. 15 आडवे, 23 उभे, लागले 345. गोटाला (गोधडीच्या कडेच्या पट्टीला) वेगळं अर्धा मीटर घेतलं असेल तर अडीच इंचाच्या आठ पट्ट्या त्यातून निघणार नाहीत, पुन्हा त्याच तीन दशांशाची बोंब. सव्वादोन इंचाच्या कापाव्यात. उरलेल्या 15 चौकोनांतून भांडी उतरवायची फडकी होतात. कापायला घेण्याआधी तक्रार तेवढी मागे घ्यावी. त्यासाठी यादीत पर्याय नसतो. चॅटवर लिहावं लागतं, आणि उत्तर येतं की आपली नवी तक्रार नोंदवून घेतली आहे.